पॉलिप कुठला, ते कागदावर नीट येऊ द्या

पाळीत फार रक्त जातं म्हणून बाई डॉक्टरांकडे जाते, सोनोग्राफीत पॉलिप दिसतो, दुर्बिणीतून तो काढतात आणि संध्याकाळी ती घरी येते. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो चार-आठ दिवसांनी. तोवर डिस्चार्ज कार्ड लिहून झालेलं असतं, विम्याचा फॉर्म गेलेला असतो, आणि दोन्हींवर आजाराचं नाव व त्याचा कोड पक्का बसलेला असतो. रिपोर्ट आल्यावर तो कोड बरोबर होता का, हे पाहायला सहसा कुणी मागे वळत नाही. हा लेख त्या कोडबद्दल आहे. डोंबिवली पश्चिमेच्या आणि कोपरच्या नर्सिंग होममध्ये टीपीए डेस्क, म्हणजे विम्याच्या दाव्यांचं टेबल, सांभाळणाऱ्यांसाठी तो आहे. कोपरहून दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाणं गाठून पुढे ऐरोलीची गाडी धरणाऱ्या, अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या फायली कोड करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. आणि जिची ती फाइल आहे त्या बाईसाठी तर आहेच, कारण कोड चुकला तर त्रास तिला होतो.

आधी थोडक्यात पाया. कोड येतात ते आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून. झाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिचा वाढत गेलेला अवतार आता जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. आपल्या विम्याच्या फॉर्मवर ‘आयसीडी १०’ असा रकाना असतो ती दहावी आवृत्ती. १९९० मध्ये मंजूर झालेली, १९९४ पासून वापरात आलेली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण आपल्या दाव्याच्या फॉर्मवर रकाना दहावीचाच आहे, म्हणून इथे दहावीचेच आकडे घेतले आहेत. ऐरोलीत वापरतात ती याच दहावीची अमेरिकेने वाढवलेली प्रत. तिकडे ती १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू आहे. पॉलिपपुरते दोन्हींचे मुख्य आकडे एकच आहेत. कागदावर कोडचं पहिलं अक्षर रोमन असतं, इथे ते देवनागरीत दिलं आहे.

स्त्रीच्या जननमार्गातल्या पॉलिपचा गट आहे एन८४, आणि त्यातली वाटणी फक्त जागेवरून होते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा पॉलिप एन८४.०, कागदावर नुसतं ‘गर्भाशयाचा पॉलिप’ असेल तरी तो इथेच. गर्भाशयमुखाचा एन८४.१. योनिमार्गाचा एन८४.२, बाहेरच्या भागाचा एन८४.३. गर्भनलिकेसारख्या उरलेल्या जागांसाठी एन८४.८. आणि जागाच सांगितलेली नसेल तर एन८४.९.

हा शेवटचा आकडा दिसला की फाइल परत उघडा. पॉलिप काढला आहे, म्हणजे तो कुठून काढला हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक आहेच. कागदावर यायचं राहून गेलं आहे. दोन मिनिटांत फोनवर विचारून घेता येईल अशी ही गोष्ट आहे. ती न विचारता ८४.९ टाकला तर विमा कंपनीकडून हमखास विचारणा येते आणि बिल अडकतं. त्याहून वाईट म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा रक्तस्राव झाला की नव्या डॉक्टरांना मागचा पॉलिप पिशवीतला होता की तोंडावरचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

जागा ठरवताना एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पॉलिप दिसतो कुठे यापेक्षा त्याचा देठ कुठून निघाला आहे हे महत्त्वाचं. पिशवीच्या आत उगवलेला लांब देठाचा पॉलिप गर्भाशयमुखातून खाली डोकावतो, आणि तपासणीच्या टेबलावर पाहणारे ‘गर्भाशयमुखाशी पॉलिप’ असं लिहितात. पुढे दुर्बीण घातली की कळतं, देठ वर आहे. तो एन८४.०. ओपीडीच्या कागदावर एक आणि ऑपरेशनच्या नोंदीत दुसरं असेल तर ऑपरेशनची नोंद धरा. दोन्ही ठिकाणी वेगवेगळे पॉलिप निघाले असतील तर दोन्ही कोड लिहायचे. एकात दुसरा सामावत नाही.

नाव पॉलिप, गट वेगळा

सगळ्यात जास्त गोंधळ फायब्रॉइडचा होतो. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूची गाठ, पॉलिप अस्तराची वाढ. पण अस्तराच्या लगत वाढलेला फायब्रॉइड कधीकधी देठ धरून पोकळीत लोंबतो, क्वचित गर्भाशयमुखातून बाहेर उतरतो, आणि मग डॉक्टर त्याला ‘फायब्रॉइड पॉलिप’ किंवा ‘मायोमॅटस पॉलिप’ म्हणतात. नावातला पॉलिप बघून एन८४ लिहिला की चूक झालीच. अस्तरालगतच्या फायब्रॉइडचा कोड डी२५.०. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये ‘लिओमायोमा’ हा शब्द आला की फाइलवरचा एन८४ डॉक्टरांना दाखवून बदलून घ्यायचा. हा नुसता आकड्यांचा फरक नाही. फायब्रॉइड काढायला वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जाऊ शकतं, स्नायूत इतरत्र आणखी गाठी असण्याची शक्यता असते, आणि बाईला पुढे मूल हवं असेल तर डॉक्टर तिची पिशवी वेगळ्या नजरेने पाहतात.

दुसरा गोंधळ जाड झालेल्या अस्तराचा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘पॉलिपॉइड एंडोमेट्रियम’ असं येतं. त्याचा अर्थ अस्तर पॉलिपसारखं दिसतंय एवढाच. पॅथॉलॉजीत हायपरप्लेझिया, म्हणजे अस्तराची जादा वाढ, निघाला तर तो एन८५ मध्ये जातो. जागतिक प्रतीत पेशींत संशयास्पद बदल नसलेला ८५.०, बदल असलेला ८५.१. अमेरिकन प्रतीत हेच ८५.०१ आणि ८५.०२ असे मोडलेले आहेत. एन८४.० च्या खालीच टीप आहे की पॉलिपॉइड हायपरप्लेझिया इथे धरू नये. पुस्तकातल्या अशा वगळण्याच्या टिपा न वाचता सॉफ्टवेअरच्या शोधपट्टीत ‘पॉलिप’ टाइप करून पहिलं दिसेल ते उचलण्याची सवय पुष्कळांना लागली आहे. ती सोडा. या एका गटाच्या टिपा वाचायला पाच मिनिटं पुरतात.

बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर वारेचा तुकडा आत राहून त्याचा पॉलिप होतो, तो ‘प्लासेंटल पॉलिप’. तो प्रसूतीच्या प्रकरणात, ओ९०.८ खाली, अमेरिकन प्रतीत ओ९०.८९. विम्यात प्रसूतीचे नियम वेगळे असल्यामुळे ही नोंद जपून करावी लागते. ‘अॅडिनोमॅटस पॉलिप’ हा शब्द आला तर तोही इथला नाही, तो साध्या ट्यूमरच्या डी२८ गटात बघायचा. उतारवयात लघवीच्या छिद्राशी दिसणारा लालसर कोंब बरेचदा ‘युरेथ्रल कॅरंकल’ असतो. तो मूत्रमार्गाचा, एन३६.२.

रिपोर्ट येईपर्यंत काय लिहायचं

एका पॉलिपच्या फाइलमध्ये तीन कागद असतात आणि तिन्हींना सारखं महत्त्व देता येत नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट ‘पॉलिप असावा’ एवढंच म्हणतो. रेडिओलॉजिस्टने तसं लिहिण्यात काही गैर नाही. त्याने सावली पाहिली आहे, तुकडा पाहिलेला नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनची नोंद त्याहून भक्कम, कारण डॉक्टरांनी पॉलिप, त्याचा देठ आणि जागा स्वतः पाहिलेली असते. अखेरचा शब्द पॅथॉलॉजीचा. म्हणून दाखल होतानाच्या फॉर्मवर ‘प्राथमिक निदान’ या शीर्षकाखाली एन८४.० लिहिणं ठीक आहे, पण डिस्चार्ज कार्डवर ‘हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट बाकी’ ही ओळ हवीच. ती ओळ असली की नंतर निदान बदललं तरी कुणी लपवाछपवीचा आरोप करू शकत नाही.

कधी पॅथॉलॉजीत पॉलिप येतच नाही; ‘सिक्रिटरी एंडोमेट्रियम’ म्हणजे पाळीआधीचं नेहमीचं अस्तर असा निकाल येतो. पॉलिप काढताना त्याचे तुकडे झाले असतील, किंवा सोनोग्राफीतली सावली जाड अस्तराचीच असेल. डेस्कवरच्या माणसाने इथे स्वतः निवाडा करू नये. डॉक्टरांकडे कागद न्यावा आणि अंतिम निदान त्यांच्या अक्षरात, तारीख-सहीनिशी घ्यावं. कोड लिहिणारा निदान ठरवत नाही. ठरलेलं निदान आकड्यात उतरवतो.

रक्तस्रावाचे कोडही जवळ असू द्या. नियमित पाळीत अति रक्त जातं ते एन९२.०, अनियमित आणि जास्त असेल तर एन९२.१, संबंधानंतर रक्त दिसलं तर एन९३.०, आणि पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एन९५.०. पॉलिप सिद्ध झाल्यावर मुख्य निदान पॉलिपच. मात्र रक्त जाऊन जाऊन झालेला अॅनिमिया नुसतं लक्षण म्हणून सोडून देऊ नका. त्याला स्वतंत्र उपचार लागतो, त्याचा स्वतंत्र कोड आहे, डी५०.०. हिमोग्लोबिन सातवर आलं म्हणून बाईला दोन पिशव्या रक्त चढवलं, आणि फॉर्मवर फक्त ‘पॉलिप’ लिहिलंय. मग विमा कंपनी विचारणारच की एका दिवसाच्या पॉलिपला रक्त कशाला लागलं. आपल्याकडच्या बायका पाळीतलं रक्त वर्षानुवर्षं अंगावर काढतात, त्यामुळे ही स्थिती मुळीच दुर्मीळ नाही. कागदावर ती दुर्मीळ दिसते, कारण लिहिली जात नाही.

डॉक्टरांच्या नोंदीत ‘एयूबी-पी’ असं दिसलं तर घाबरू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०११ मध्ये गर्भाशयातून होणाऱ्या अस्वाभाविक रक्तस्रावाच्या (एयूबी) कारणांची ‘पाम-कोईन’ नावाची मांडणी स्वीकारली. त्यातला पी म्हणजे पॉलिप, ए म्हणजे अॅडिनोमायोसिस, एल म्हणजे फायब्रॉइड, एम म्हणजे कर्करोग व हायपरप्लेझिया. डॉक्टरांनी कारण नेमकं सांगितलं आहे, हा कोड लिहिणाऱ्याला मिळालेला मोठा आधार आहे.

ऐरोलीच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. अमेरिकन नियमांत बाह्यरुग्ण फाइलवर ‘शक्यता’, ‘संशय’, ‘नाही ना हे पाहण्यासाठी’ अशा शब्दांनी लिहिलेलं निदान कोड करता येत नाही. तिथे रक्तस्रावाचा किंवा तपासणीतल्या दोषाचा कोड लावायचा. पॅथॉलॉजिस्ट हाही डॉक्टरच असल्यामुळे, बाह्यरुग्ण फाइल कोड करताना त्याचा अंतिम रिपोर्ट हाताशी असेल तर त्यातलं पक्कं निदान घेता येतं. दाखल रुग्णाच्या फाइलवर ही मुभा नाही. तिथे उपचार करणाऱ्या डॉक्टरने ते निदान मान्य केल्याचं लिहिलेलं असावं लागतं, नसेल तर प्रश्न पाठवायचा. आणि शस्त्रक्रियेचा ५८५५८ हा कोड दुर्बिणीतून नमुना घेणं किंवा पॉलिप काढणं या दोन्हींना पुरतो, क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडणं, केलं असलं तरी आणि नसलं तरी. त्यामुळे त्याच वेळच्या क्युरेटिंगचा ५८१२० वेगळा लावू नका. फायब्रॉइड काढला असेल तर ५८५६१. दिवसाचं टार्गेट असतं, फाइल झटपट संपवावी लागते हे खरं. पण निदान आणि शस्त्रक्रिया एकमेकांशी जुळतात का, एवढी नजर प्रत्येक फाइलवर गेलीच पाहिजे. त्या फाइलमागे असलेली बाई आपल्याला कधी दिसणार नाही, म्हणून तर जास्तच.

विम्याचा फॉर्म

आपल्याकडे कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात उत्तर द्यावं आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये सांगितलं. रुग्णाच्या सोयीचाच नियम आहे. पण त्यामुळे फॉर्म घाईत भरला जातो, आणि पॉलिपच्या फाइलमध्ये घाईचा फटका ठरावीक जागी बसतो.

पहिली जागा ‘आजार किती दिवसांपासून’ या रकान्याची. बाई सांगते, तीन वर्षांपासून पाळी जास्त जाते. डेस्कवर लिहिलं जातं, ‘पॉलिप, तीन वर्षं’. पॉलिसी दोन वर्षांची असेल तर कंपनीच्या लेखी तो पूर्वीपासूनचा आजार ठरतो. खरं तर पॉलिप सापडला गेल्या महिन्यात. आताच्या व्याख्येनुसार पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वा उपचार मिळाला असा आजार पूर्वीचा धरला जातो. म्हणून दोन्ही तारखा वेगळ्या लिहा. लक्षण कधीपासून आहे ते लिहा, आणि निदान कोणत्या तारखेला, कोणत्या तपासणीत झालं तेही लिहा. त्या तीन वर्षांत खरोखरच डॉक्टरांना दाखवून गोळ्या घेतल्या असतील तर तेही लपवू नये. जुना कागद कधीतरी बाहेर येतो आणि मग सगळाच दावा जातो.

दुसरी जागा प्रतीक्षाकाळाची. २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांनी सारख्या अटींवर आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत पहिल्या २४ महिन्यांत न मिळणाऱ्या उपचारांची यादी आहे. तिच्यात सर्व प्रकारच्या साध्या गाठी, सिस्ट आणि पॉलिप आहेत, आणि गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रियाही आहे. इतर बऱ्याच पॉलिसींत अशीच ओळ असते. नोकरीतल्या सामूहिक विम्यात ही अट बहुधा काढलेली असते. म्हणून दाखल होण्याआधी पॉलिसीची सुरुवातीची तारीख बघा. इथेच मोह होतो, पॉलिपऐवजी ‘अति रक्तस्राव’ एवढंच लिहून पाठवू या. तसं करू नका. निदान पॉलिसीकडे बघून बदललं की त्या बाईचा वैद्यकीय इतिहासच खोटा होतो, आणि पुढच्या उपचाराचा निर्णय त्या खोट्या कागदावर होतो. पॅथॉलॉजीत कर्करोग निघाला तर मात्र निदान खरंच बदलतं: अस्तराचा असेल तर सी५४.१, गर्भाशयमुखाचा असेल तर सी५३. यादीतली ओळ साध्या गाठींसाठी आहे. अशा वेळी सुधारित डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट जोडून दावा पुन्हा पाहायला लावणं हा रुग्णाचा हक्क आहे. पॉलिपमध्ये कर्करोग निघण्याचं प्रमाण थोडं असतं, पाळी गेल्यानंतर ते वाढतं. त्यामुळे पन्नाशीपुढच्या बाईचा रिपोर्ट न बघता फाइल बंद करणं धोक्याचं.

तिसरी जागा वंध्यत्वाची. मूल राहत नाही म्हणून तपासण्या झाल्या आणि पॉलिप सापडला. डेस्कने मुख्य निदान म्हणून ‘प्रायमरी इनफर्टिलिटी’ लिहिलं, की वंध्यत्वाचे उपचार वगळणाऱ्या कलमाखाली दावा जातो. ज्या आजारावर उपचार झाले तो आजार मुख्य, हा वर्गीकरणाचा मूळ नियम आहे. काढला आहे पॉलिप, तर मुख्य निदान पॉलिप. वंध्यत्वाची नोंद इतिहासात, जशी आहे तशी. यात काहीही लपवलेलं नाही.

आणखी दोन कलमं माहीत हवीत. केवळ तपासणीसाठी दाखल केलं असेल तर खर्च मिळत नाही. म्हणून ‘डायग्नोस्टिक हिस्टरोस्कोपी’ सुरू करून त्याच बैठकीत पॉलिप काढला असेल तर ऑपरेशनच्या नोंदीत काढल्याचं स्पष्ट लिहिलेलं असावं. गर्भाशयमुखाचा लहानसा पॉलिप ओपीडीत भूल न देता पिरगळून काढला तर तो सहसा डे-केअरमध्ये बसत नाही. त्याचे पैसे खिशातूनच जातात हे आधी सांगून टाकावं. पण तो तुकडाही पॅथॉलॉजीला पाठवाच, आणि गर्भाशयमुखाची पॅप तपासणी वेगळी करून घ्या, एकाने दुसरीचं काम होत नाही. फॉर्मवर शस्त्रक्रियेच्या कोडचाही रकाना असतो. तो येत नसेल तर शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव लिहा, आकडा अंदाजाने भरू नका.

आता घरच्या बायकांसाठी. घरात आपण पॉलिप, फायब्रॉइड, सिस्ट या सगळ्यांना पिशवीची गाठच म्हणतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र तीन प्रश्न विचारायचे. गाठ अस्तराची की स्नायूची की अंडाशयाची? नेमकी कुठे आहे? आणि हे कोणत्या तपासणीवरून म्हणता? लाज वाटत असेल तर नणंदेला, मुलीला बरोबर न्या, पण विचारा. सोनोग्राफी शक्यतो पाळी संपल्यावर लगेच, दहाव्या दिवसाच्या आत करून घ्या. तेव्हा अस्तर पातळ असतं आणि पॉलिप वेगळा ओळखू येतो. पाळीच्या तोंडावर केलेल्या सोनोग्राफीत जाड अस्तरच पॉलिपसारखं दिसू शकतं. स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, कारण त्या गोळ्यांनी पॉलिप होऊ शकतात आणि डॉक्टर जास्त सावध होतात. सेंटिमीटरभराच्या आतला, काहीच त्रास न देणारा पॉलिप तरुण वयात काही वेळा आपणहून जातो, तेव्हा थांबून पुन्हा सोनोग्राफी करण्याचा पर्याय आहे का, तेही विचारा.

आणि फक्त पॉलिपसाठी कुणी पिशवी काढायला सांगितलं तर तिथे थांबा. साधा पॉलिप दुर्बिणीतून काढता येतो, पिशवी तशीच राहते. डोळे झाकून केलेल्या क्युरेटिंगमध्ये तो निसटून जाऊ शकतो, म्हणून दुर्बिणीचा आग्रह धरा. बीडच्या ऊसतोड बायकांचं जे झालं ते आपल्याच राज्यात झालं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पोटात दुखतं, पांढरं जातं, रक्त जातं, एवढ्यावर किती पिशव्या गेल्या असतील याचा विचार करवत नाही. बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवरच्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये आखलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला. अशा शस्त्रक्रियांना अटकाव करायचा तर कागदावर जागा, तपासणी आणि पॅथॉलॉजी यांचा पुरावा असलेलं निदान लागतं. ‘गाठ होती’ एवढ्या नोंदीवरून पुढे कुणालाच काही तपासता येत नाही.

महापालिकेच्या शास्त्रीनगर रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाईत किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात गेलात तर केस पेपरवर कोड बहुधा नसेल. तिथे निदान पूर्ण शब्दांत, जागेसह लिहून मागा. त्यावरून कोड कुणालाही काढता येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पैसे निदानाच्या कोडवर नव्हे, ठरलेल्या पॅकेजवर मिळतात, पण पूर्वपरवानगीच्या वेळी निदान भरावंच लागतं. आरोग्यमित्र ते भरत असताना शेजारी उभं राहून पॉलिप लिहिलंय की फायब्रॉइड, ते वाचून घ्या.

चूक सापडली तर काय? डिस्चार्ज कार्डवर खाडाखोड करून घेऊ नका, कंपनी तसा कागद नाकारते. पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत जोडून साध्या कागदावर अर्ज करा: अमुक तारखेच्या रिपोर्टनुसार अंतिम निदान अमुक आहे, कृपया सुधारित डिस्चार्ज कार्ड द्यावं. नव्या कार्डावर सुधारणेची तारीख आणि डॉक्टरांची सही असावी, जुनंही जपून ठेवावं. दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात, असं २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत लिहिलेलं आहे. तोंडी मागून न मिळाल्यास लेखी मागा आणि पोच घ्या. विमा कंपनीने चुकीच्या कारणाने दावा फेटाळला तर आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. मात्र कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

रिपोर्टमध्ये शंका निघून पुढे परळला टाटा रुग्णालयात जायची वेळ आली तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक स्वतः पाहतात. ते ज्या लॅबने तपासणी केली तिच्याकडे असतात आणि अर्ज केल्यावर मिळतात. घेताना रिपोर्टवरचा नमुना क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळतो का, हे लॅबच्या काउंटरवरच पाहून घ्या, आणि सुधारित डिस्चार्ज कार्डाची एक प्रत त्याच पाकिटात ठेवा.